होळीच्या मागचे तीन गुरुवार

रोहिदासच्या डोक्यात एकदा कार्यक्रम शिरला की मग तो कोणाचं ऐकत नाही. जव्हारला सरकारी कचेरीत कारकून झाल्यापासून तर त्याला निमित्तच लागतं. आईच्या पहिल्या वर्षदिवसालासुद्धा त्यानं वांगणीच्या घरापुढे मांडव घातला, जव्हारहून लाल खुर्च्या आणल्या आणि आईचा फोटो एवढा मोठा छापून लावला, की जन्मभर कोणाच्या नजरेत न भरलेली माघीबाई आता थेट रस्त्याच्या वळणावरूनच दिसायला लागली. फोटोखाली तारीख होती चोवीस फेब्रुवारी. कार्यक्रम मात्र बावीसला, कारण बावीसला रविवार आणि त्याच्या कचेरीतल्या लोकांना सुट्टी. मेलेल्या माणसाला काय, दोन दिवस अलीकडे-पलीकडे सरकायला हरकत नसते.

कमू त्याची थोरली बहीण. मोखाड्याकडे पोशेऱ्याला दिलेली. ती नवरा देवजी आणि मुलगी निशा यांना घेऊन सकाळीच जीपनं आली होती. आली ती सरळ फोटोपुढे उभी राहिली आणि पदर डोळ्यांना लावला. वर्षभर ती हेच करत होती. भात लावताना, नाचणी मळताना, कधी भाकरी थापता थापता मध्येच तिचा हात थांबायचा. आईचं शेवटचं तोंड तिनं पाहिलं नव्हतं. तोंडात पाणी घातलं नव्हतं. आणि का, तर भाच्याच्या लग्नात नाचत होती म्हणून!

गेल्या साली फेब्रुवारीत रोहिदासच्या मुलाचं, उमेशचं जव्हारला लग्न झालं. कमू वरआत्या. आत्याशिवाय हळद कशी हलणार? ती बुधवारीच जव्हारला जाऊन राहिली होती. शनिवारी हळद, रविवारी लग्न. आई अंथरुणाला खिळून वांगणीलाच होती. कमू म्हणाली होती, मी एकदा जाऊन तिला बघून येते. रोहिदास म्हणाला, "आता कुठं जातेस बाय? लग्न उरकलं की नवरा-नवरीला घेऊन सगळेच जाऊ. आईला नातसुनेचं तोंड दाखवू." पटण्यासारखंच होतं. लग्नात कमू अशी नाचली, अशी नाचली, की मुलीकडची माणसं विचारायला लागली, ही बाई कोण. आणि सोमवारी दुपारी रोहिदासनं सांगितलं, आई पहाटे गेली. वांगणीत फोनला रेंज नाही, निरोप उशिरा आला, ऊन वाढलेलं, गाववाल्यांनी अग्नी देऊन उरकून घेतलं. त्यानं आणि देवजीनं कमूला जीपमध्ये घातलं आणि वांगणीला नेलं. तिला बघताच बायकांनी गळा काढला. ती राखेजवळ जाऊन पडली.

त्या दिवसापासून कमूनं स्वतःला एकच शिक्षा लावून घेतली होती. रविवारी रात्री निघाले असते तर! एक रात्र आधी निघाले असते, तर आई भेटली असती. तिच्या हिशेबानं ती आईला एका रात्रीनं चुकली होती, आणि ती रात्र तिनं डीजेपुढे घालवली होती. देवजी समजूत घालायचा. "ते आपल्या हातात असतं का गो?" असं म्हणायचा आणि विडी पेटवून बाहेर जायचा.

मांडवात भाषणं सुरू झाली, तशी कमू उठली आणि शेजारच्या फागीमावशीच्या घरात जाऊन बसली. भाषण करणाऱ्यानं आईला कधी पाहिलेलं नव्हतं, पण ती किती थोर होती हे त्याला सगळं ठाऊक होतं. फागीमावशी आईच्या जोडीची. दोघींनी एका दिवशी रानात जायचं, एका दिवशी बाजार करायचा, भांडायचं तेही एका दिवशी. आई पडून राहिली तेव्हा रोहिदासची बायको नीता नोकरी सांभाळून जव्हारलाच होती. आईचं हगणं-मुतणं फागीमावशीनं काढलं. कमू चार-पाच दिवस येऊन राहायची, पुन्हा सासरी जायची. मावशीच्या उपकारांनी ती वाकलेली होती.

निशाही मागोमाग आली आणि उंबऱ्यावर मोबाइल काढून बसली.

मावशीच्या ओट्यावर एक तांबडी तलंग, वर्षाची तरणी कोंबडी, दाणे टिपत होती. मावशी तिच्याकडे बोट करून म्हणाली, "ही घेऊन जा पोशेऱ्याला. तुझ्या आयशीच्या कोंबडीची हाय. आयशीची आठवण म्हणून एक राखली तुझ्यासाठी. बाकीची कोल्ह्यानं नेली."

कमूचे डोळे भरले. "आईनं बसवलेली अंडी?"

"तिनंच. हातात जोर नव्हता, पण जीव सगळा कोंबडीत. खुडूक झाली, खुडूक झाली, बसव तिला, हेच धरून बसली होती. सकाळी माझ्याकडनं डालग्यात भाताचा पेंढा घालून घेतला, अंडी मांडून घेतली. कोंबडी बसली तवा हसली. म्हणाली, आता मी निजते. मी चहा घेऊन आले, तं निजलीच होती." मावशीनं नाक पुसलं. "त्याच सकाळी गेली बाय माझी. कोंबडीला बसवून गेली. अन पिल्लं कवा निघाली सांगू? ऐन होळीच्या दिशी! पोरं लाकडं ओढून नेत होती, बोंबा मारत होती, अन इकडं डालग्यात चिवचिव. मी म्हटलं, माघे, तुझा शिमगा बघ गो कसा झाला."

गोष्ट गोड होती. कमू ऐकता ऐकता हसलीसुद्धा. तलंग जवळ आली तेव्हा तिनं हात पुढे केला. आणि मग तिचा हात तसाच राहिला.

कोंबडी अंड्यांवर तीन आठवडे बसते. हे कमूला कोणी शिकवलेलं नव्हतं. आमच्या डोंगरातल्या बायकांना हे तसंच येतं. ज्या वारी कोंबडी बसवली, त्याच वारी चौथ्यांदा डालग्याशी जायचं. गुरुवारी बसवली तर गुरुवारी पिल्लं. एखादा दिवस इकडे-तिकडे. त्याहून जास्त कोंबडी ऐकत नाही.

"मागल्या साली होळी कोणत्या वारी होती?" तिनं निशाला विचारलं.

निशा जव्हारच्या कॉलेजात शिकते. तिची बोटं मोबाइलवर आमच्या तोंडापेक्षा जलद चालतात. "गुरुवारी. तेरा मार्च."

कमूनं बोटं धरली. होळीचा गुरुवार एक, त्याच्या मागचा दोन, त्याच्या मागचा तीन. "तेराच्या मागं दोन गुरुवार गेलं तर कोणती तारीख?"

"सत्तावीस फेब्रुवारी."

सत्तावीस! आई तर चोवीसला गेली. म्हणजे मावशीच चुकली, म्हातारं माणूस, कोंबडी मागाहून बसवली असेल. कमूला एवढं हलकं वाटलं, की ती चहा मागणार होती. पण हिशेब तिच्या मनात टोचत राहिला. होळीचा गुरुवार मोजायचा नाही. तो तर पिल्लांचा वार. त्याच्या मागं पुरे तीन आठवडे जायचं. भाकरी भाजल्यावर तवाही भाकरीत मोजायचा का?

"निशा, तेरा मार्चच्या मागं पुरे तीन आठवडे जा बरं."

"वीस फेब्रुवारी. गुरुवारच." निशानं सहज सांगितलं. मग तिनं मान वर केली. "आई, पण दादाचं लग्न तर तेवीसला होतं."

मांडवातून टाळ्यांचा आवाज आला. मावशी उठून चुलीकडे गेली आणि नसलेला विस्तव फुंकायला लागली.

"मावशी, माझ्याकडे बघ. आई कोणत्या वारी गेली?"

"माला वार नाय कळत बाय. मी अडाणी."

"तुला होळी कळते, कोंबडी कळते, वार नाही कळत? सोमवारी अंड्यावर बसवलेली कोंबडी सतराव्या दिवशी पिल्लं काढते का? तुझी कोंबडी मोबाइलवर चालते का गो?"

बिचाऱ्या मावशीला सगळ्यांनी बजावून ठेवलं होतं, वार सांगायचा नाही. आणि तिनं तो वर्षभर सांगितला नव्हता. वाराभोवती तिनं कुंपण घातलं, पण कोंबडीला कुंपण घालायचं तिच्या ध्यानात आलं नाही. ती मटकन खाली बसली आणि खरंखुरं रडायला लागली.

"रोहिदासनं माझ्या नातवाची आण घातली. म्हणाला, कोणापाशी बोलायचं नाय. नाय तं लगीन मोडंल, पोरीकडची निघून जातील. शनवारी हळद, अन बेस्तरवारी ही अशी गेली. हळद लागली असती तरी एक होतं, लागल्या हळदीला सुतक नाय. हळदीच्या आधीच सुतक आलं, मग कसलं लगीन? म्हणून दुपारच्या पारी गुपचूप अग्नी दिला. ना वाजवलं, ना रडलो. रडायचं पण नाय म्हणाला. आवाज डोंगरानं जातो, जव्हारपातूर कळंल म्हणाला."

"कोण कोण होतं?"

"रोहिदास, मी, शेजारचे नवशा अन काळ्या..." मावशी थांबली.

"अजून?"

मावशीनं पदर तोंडात धरला. खांदा द्यायला चार माणसं लागतात, आणि मावशी बाईमाणूस. कमूनं मनात मोजलं. एवढा हिशेब तिला मोबाइलशिवाय येत होता.

त्या गुरुवारी देवजी सकाळीच जव्हारच्या घरातून निघाला होता. मांडवाचे बांबू बघायला जातो म्हणाला. संध्याकाळी परतला तो ओल्या डोक्यानं. कमूनं विचारलं, एवढ्या थंडीत आंघोळ? तो म्हणाला, बांबूची कुसळं लागली अंगाला. मग तिच्या शेजारी बसून जेवला. वरणात मीठ कमी आहे म्हणाला. तिला सगळं आठवलं. आणि राख आठवली. सोमवारी ती राखेवर पडली तेव्हा राख गार होती. पहाटे गेलेल्या माणसाची राख दुपारी गार कशी, असं तिनं रडता रडताच विचारलं होतं. देवजीच म्हणाला होता, ओहोळाचं पाणी मारलं. आणि त्या बायका! चार दिवसांपूर्वी तोंड दाबून बसलेल्या, तिला बघून एका सुरात रडल्या. कमूला वाटलं होतं, माझं दुःख यांनी वाटून घेतलं. त्यांनी तिला फक्त साथ दिली होती, गाण्याला देतात तशी.

"आईनं मला विचारलं होतं का?"

मावशी चुलीतली राख काटकीनं उकरायला लागली.

"सांग मावशी. आता तुझ्या आणेत काही उरलं नाही."

"बुधवारी सगळा दिवस. कमू आली का, कमू आली का. मी निरोप धाडला गो. काळ्यापाशी धाडला. काळ्यानं रोहिदासला सांगलं."

बुधवारी. आई जिवंत होती. कमू जव्हारला रोहिदासच्या मागच्या दारी तांदूळ निवडत बसली होती, आणि म्हणत होती, मी एकदा जाऊन येते.

ती उठली. तलंग तशीच ओट्यावर राहिली. मांडवात जेवणं सुरू झाली होती आणि रोहिदास पंगतीतून फिरत आग्रह करत होता. कमूनं त्याला दंडाला धरून घरामागे नेलं. लहानपणी तिनं याला कमरेवर घेऊन नदीवर नेलं होतं. तेव्हाही तो असाच अंग चोरायचा.

"आई गुरुवारी गेली," ती म्हणाली.

रोहिदासनं आधी इकडे-तिकडे पाहिलं, कोणी ऐकतं का. मग म्हणाला, "कोणी सांगितलं?"

खोटं आहे असं म्हणाला नाही. कमूला वाटलं होतं तो निदान तेवढं म्हणेल.

"बाय, तू शांतपणे विचार कर. हॉल ठरलेला, पत्रिका वाटलेल्या, माझे साहेब येणार होते. मुलीचा बाप मोठा माणूस, त्याला कळतं तर त्यानं अपशकुन म्हणून लग्न मोडलं असतं. उमेशचं वय एकतीस. पुन्हा कोणी पोरगी दिली असती? आई गेली ती गेली, ती काय लग्न थांबवून परत येणार होती? तिचीच इच्छा होती नातवाचं लग्न व्हावं."

"तिची इच्छा काय होती ते तुला बुधवारी काळ्यानं सांगितलं होतं."

रोहिदासचा चेहरा उतरला. "मला वाटलं, आठ-पंधरा दिवस काढेल. खरंच सांगतो. तू तिकडे गेली असतीस तर तिच्या उशाची हलली नसतीस. मग हळदीला आत्या कुठून आणायची?"

"मग गुरुवारी? गुरुवारी मला एकटीला सांगायचं होतंस. मी तोंड शिवलं असतं."

"तुला?" रोहिदास जवळजवळ हसला. "तुझ्या तोंडावर दिसलं असतं. आम्ही सगळे दाबू शकलो. तुला नसतं जमलं. आईवर तुझाच जीव जास्त, हे काय मला माहीत नाही?"

म्हणजे तिचा जीव जास्त, हाच तिचा गुन्हा. ज्यांचा कमी होता त्यांना आईला खांदा देता आला. कमूला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली. पण मांडवातून कोणीतरी "रोहिदासराव, मठ्ठा!" म्हणून हाक मारली, आणि रोहिदासराव मठ्ठा घेऊन गेले. मठ्ठ्यापुढे आई काय आणि बहीण काय.

कमू जेवली नाही. परतीच्या जीपमध्ये ती निशाच्या आणि देवजीच्या मध्ये बसली होती. रस्त्याच्या खड्ड्यांनी तिघांचे खांदे एकमेकांवर आपटत होते. निशानं बापाकडे एकदाही पाहिलं नाही. मोखाड्याच्या अलीकडे देवजीच म्हणाला, "मेहुण्यानं पाय धरले माझे. मी काय करायचं होतं?"

कमूनं पदर डोक्यावरून पुढे ओढला आणि समोरच्या रस्त्याकडे बघत राहिली.

"मी सांगणार होतो. पण रविवारी तू एवढी आनंदात होतीस."

आता मात्र ती वळली. "मला नाचायला कोणी ओढलं होतं?"

देवजीला उत्तर माहीत होतं. सगळ्या लग्नाला माहीत होतं. कमू अक्षतांच्या ताटापाशी बसली होती, आणि मेहुण्याच्या लग्नघरात आपली बायको बसून राहिली तर लोक विचारतील म्हणून, तीन दिवसांपूर्वी सासूला खांदा दिलेल्या याच माणसानं तिचा हात धरून तिला डीजेपुढे नेलं होतं. "चल गो, भाच्याचं लगीन रोज येतंय का?" असं मोठ्यानं, चार लोकांना ऐकू जाईल असं म्हणाला होता.

वर्षभर ती आईची माफी मागत होती. एका रात्रीनं चुकले गो, माफ कर. आणि ज्याला खरं माहीत होतं, तो त्याच खोलीत, त्याच गोधडीच्या दुसऱ्या टोकाला झोपून ते ऐकत होता. तेवढी एक गाठ तरी त्यानं सोडवायची होती. तू नाचलीस तेव्हा आई वाट बघत नव्हती, एवढं एक वाक्य. आईला लपवलं ते कमूनं कदाचित कधीतरी गिळलं असतं. पण तिला वर्षभर स्वतःच्याच गुन्ह्यात सडू दिलं, हे तिला गिळता येईना.

दुसऱ्या दिवशी सकाळी पोशेऱ्यात कमूच्या घरातून धूर निघाला नाही. ती पहाटेच नदीवर जाऊन डोक्यावरून पाणी घेऊन आली होती आणि केस मोकळे सोडून भिंतीला टेकून बसली होती. निशा तिच्या पाठीशी बसून होती. शेजारची जयवंती विस्तव मागायला आली. थंड चूल बघून दारातच थबकली.

"काय झालं गो? कोण गेलं?"

"माझी आई."

जयवंतीनं निशाकडे पाहिलं, मग कमूकडे. "तिला तं साल झालं ना?"

"मला काल कळलं," कमू म्हणाली, आणि तिला रडू कोसळलं. आधी ती राखेवर पडून रडली होती त्याहून हे वेगळं होतं. ह्यात कोणाची साथ नव्हती.

जयवंती विस्तव न घेताच वळली. ती घरी गेली आणि ज्या घरात माणूस गेलं आहे त्या घरी न्यावं तसं टोपल्यात नाचणीच्या भाकरी आणि कोरडी चटणी घालून घेऊन आली. कमूपुढे ठेवून, तिच्या पाठीवरून हात फिरवून, तीही खाली बसली.

देवजी रात्रभर ओट्यावरच होता. भाकरी पाहून तो आत आला, पाय पोटाशी घेऊन टोपल्याजवळ बसला आणि सवयीनं हात पुढे केला. कमूनं टोपलं आपल्याकडे ओढून घेतलं.

"ही सुतकाची भाकर आहे," ती म्हणाली. "तुमचं सुतक गेल्या सालीच फिटलं. माझा हात धरून नाचलात, तेव्हाच फिटलं."